१९७७ कॉर्व्हेट: रेंगाळणारे, डोकावणारे हेडलाइट

२ मार्च २०२४, शनिवार

गाडी शेवरोले कॉर्व्हेट, १९७७. एल-४८ इंजिन, म्हणजे ३५० घन इंचांचं व्ही-८, ऑटोमॅटिक गिअर. सेंट लुइसच्या कारखान्यातली. सध्या मुक्काम डेन्व्हरला, माझ्या गॅरेजमध्ये.

तक्रारी तीन आहेत. तिन्ही एकाच रोगाची लक्षणं असतील असं वाटत नाही, म्हणून वेगवेगळ्या लिहून ठेवतो. या गाडीचे हेडलाइट एरवी बॉडीत लपलेले असतात, लावताना वर येतात. पहिली: डॅशबोर्डवरचा नॉब ओढला की उजवा दिवा टपकन वर येतो, डावा मात्र रेंगाळतो आणि कधीकधी अर्ध्यातच थांबतो. खाली जातानाही त्याची तीच चाल. दुसरी: शेजारच्या गोल्डन गावाहून लुकआउट माउंटनचा घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबून धरला की दिवे बंद असतानाही डावा बोटभर वर उचलला जातो. तिसरी: रात्री नीट बंद करून ठेवलेली गाडी सकाळी बघावी तर दोन्ही दिवे अर्धवट वर.

कॉर्व्हेटचे लपणारे दिवे १९६३ ते १९६७ पर्यंत विजेच्या मोटरवर फिरायचे. १९८४ पासून पुन्हा मोटर आली. मधल्या, १९६८ ते १९८२ च्या गाड्यांमध्ये हे काम इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतं. पिस्टन हवा ओढतो, थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप, ती अडवतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळकांड्यांत, जी पोकळी तयार होते ती फुकटची ताकद. तीच ब्रेकच्या बूस्टरला, हीटरच्या झडपांना, डिस्ट्रिब्युटरला आणि ऑटोमॅटिक गिअरलाही पुरवली जाते. दिव्यांचा नंबर त्याच रांगेत.

आज नुसतं मोजमाप केलं. इंजिन गरम करून मॅनिफोल्डवर गेज लावला: आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, १५ इंच पाऱ्याच्या जरा वर, सुई स्थिर. पुस्तकं आयडलला १७ ते २१ इंच सांगतात, पण ती समुद्रसपाटीची. तिथे हवेचा एकूण दाबच २९.९२ इंच. डेन्व्हरची उंची ५,२८० फूट, इथे तो जेमतेम साडेचोवीस. पाच इंच जन्मतःच कमी. म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, हवाच विरळ आहे.

पण याचा हिशेब दिव्यांना चुकवावाच लागतो. एक इंच पारा म्हणजे दर चौरस इंचाला साधारण अर्धा पौंड दाब. वीस इंचांवर दिवा हलवणाऱ्या रबरी पडद्याला दर चौरस इंची पावणेदहा पौंडांचा जोर मिळतो, पंधरावर साडेसात सुद्धा नाही. पाव ताकद गेली. समुद्रसपाटीला, फ्लोरिडात, जी बारीक गळती कुणाच्या लक्षातही आली नसती, ती इथे दिवा अर्ध्यावर अडकवते.

संध्याकाळी मिरजेला व्हिडिओ कॉल. अण्णा रेल्वेत कॅरेज फिटर होते, उभी हयात व्हॅक्यूम ब्रेकच्या डब्यांखाली गेली. गेज दाखवला तर म्हणाले, "इंचात काय सांगतोस? सेंटिमीटर सांग." पंधरा इंच म्हणजे अडतीस. "आमच्या इंजिनाला त्रेपन्न लागायचे. अडतिसावर गार्डानं गाडी सोडली नसती."

३ मार्च, रविवार

सगळ्या नळ्यांचा माग काढून कागदावर नकाशा केला. गाडीतल्या स्टिकरवरचा छापील नकाशा पुसट झालाय आणि मागच्या कुठल्यातरी मालकाने दोनतीन नळ्या हाताला लागतील तशा बदलल्यात. मूळ नळ्यांवर हिरवे, लाल, पिवळे पट्टे असतात. बदललेल्या सगळ्या काळ्याकुट्ट.

मुख्य वाट अशी: मॅनिफोल्डमधून एक नळी निघते, ती चेक व्हॉल्व्हमधून जाते. हा व्हॉल्व्ह हवेला टाकीकडून इंजिनकडेच जाऊ देतो, उलट नाही. पुढे, गाडीच्या नाकात, व्हॅक्यूमची टाकी. टाकीतून जाड नळी दोन रिलेंना, प्रत्येक दिव्याला एक. रिलेतून दोन नळ्या त्या दिव्याच्या ॲक्च्युएटरला. ॲक्च्युएटर म्हणजे पत्र्याचा गोल डबा, आत रबरी पडदा, पडद्याला दांडा. पडद्याच्या एका बाजूची हवा ओढली की दांडा बाहेर, दुसऱ्या बाजूची ओढली की आत.

कुठली बाजू ओढायची ते रिले ठरवतो, आणि रिलेला हुकूम येतो एका बारीक नळीतून. ही नळी आत केबिनमध्ये हेडलाइटच्या स्विचपर्यंत जाते. त्या स्विचच्या पाठीवर विजेच्या जोडण्यांबरोबर व्हॅक्यूमचाही एक व्हॉल्व्ह आहे. शिवाय स्टिअरिंगखाली आणखी एक छोटा व्हॉल्व्ह, दिवे न लावता नुसते वर उचलण्यासाठी. बारीक नळीत व्हॅक्यूम आहे तोवर रिले दिवे खाली धरून ठेवतो. नॉब ओढला की त्या नळीत बाहेरची हवा शिरते, रिलेतली स्प्रिंग पलटी मारते, दिवे वर. आखणाऱ्याचं डोकं दाद देण्यासारखं आहे. हुकमाची नळी तुटली तर दिवे वर येतील, रात्री अंधारात खाली बसणार नाहीत.

तिसऱ्या तक्रारीचं मूळ इथेच कुठेतरी असणार. टाकीत अजून दम आहे, पण हुकमाच्या नळीतला व्हॅक्यूम झिरपून गेला, की रिलेला वाटतं कुणीतरी नॉब ओढला.

९ मार्च, शनिवार

गळती शोधायची कशी यावर अण्णांचा सल्ला एका वाक्याचा: "अर्धी गाडी तोड, गेज बघ, मग त्यातली अर्धी तोड." चोवीस डब्यांच्या गाडीत फुटलेला होज असाच सापडतो म्हणे. शेवटच्या डब्याचा होज पाइप डमीवर, म्हणजे त्याचं तोंड बंद करणाऱ्या आंधळ्या तोटीवर, बसवायचा आणि मग एकेक तुकडा वेगळा करून बघायचा.

माझी डमी म्हणजे गोल्फचा टी, चेंडू ठेवायची छोटी खुंटी. लाकडी, निमुळता, बारीक-जाड कुठल्याही नळीत घट्ट बसतो. इथले जुने मेकॅनिक खिशात बाळगतात. दुकानातून मूठभर आणले. मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही गोल्फ कधीपासून खेळायला लागलात?"

पहिला तुकडा: इंजिन ते टाकी. टाकीपुढच्या सगळ्या नळ्यांना टी ठोकले, टाकीवर गेज, इंजिन सुरू. पंधरा. इंजिन बंद केलं आणि सुई डोळ्यांदेखत घसरायला लागली. पुन्हा इंजिन सुरू करून पंधरावर आणली, बंद केलं आणि लगेच चेक व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामधली नळी चिमट्याने दाबली. सुई जागच्या जागी. टाकी निर्दोष, चेक व्हॉल्व्ह गुन्हेगार. काढून तोंडाने फुंकला तर दोन्हीकडून वाट मोकळी.

घाटातलं कोडं त्यात सुटलं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल उघडतो आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो. अशा वेळी टाकीतला साठा कामी यायला हवा, पण व्हॉल्व्ह उघडा राहिल्याने साठाच इंजिनमध्ये परत जात होता. नवीन व्हॉल्व्ह मागवला.

१४ मार्च, गुरुवार

बाहेर गुडघाभर बर्फ, पार्सल वाटेत अडकलंय. ऑफिस घरूनच.

जेवणाच्या सुट्टीत शेजारचे आजोबा फावडं टेकवून गप्पांना उभे राहिले. त्यांचं म्हणणं, कशाला हा उपद्व्याप, विजेच्या मोटरचा किट मिळतो, दुपारभरात बसतो. खरं आहे, मिळतो, आणि लोक बसवतात. मी बसवणार नाही. ही यंत्रणा नादुरुस्त होते ती रबर म्हातारं झाल्यामुळे, कल्पना चुकीची असल्यामुळे नाही. आणि मोटर म्हणजे नवीन रिले, नवीन वायरिंग, फायबरग्लासच्या बॉडीत प्रत्येक गोष्टीला वेगळी अर्थिंगची वायर. एका जुन्या दुखण्याच्या बदल्यात चार नवी.

व्हॅक्यूमचे दिवे फक्त अमेरिकेतच नव्हते. इंग्लंडची लोटस एलान घ्या, १९६२ ची. तिच्या चासीचा पुढचा आडवा पोकळ भागच व्हॅक्यूमची टाकी म्हणून वापरलाय. वजनाच्या एकेका औंसासाठी जीव टाकणाऱ्यांना शोभेल अशी युक्ती. पण लोखंड गंजलं की टाकीला भोक, आणि दिव्यांसाठी चासी दुरुस्त करायची पाळी. त्यामानाने माझी टाकी दोन बोल्टवर सुटते.

१६ मार्च, शनिवार

चेक व्हॉल्व्ह आला. नवीन असला तरी आधी फुंकून बघितला. नवीन भाग म्हणजे चांगला भाग असं या गाड्यांच्या बाबतीत गृहीत धरू नये. एकीकडून वाट, दुसरीकडून बंद. बसवला. इंजिन बंद केल्यावर टाकी तासाभरात अर्धा इंचही उतरली नाही.

दुपारी रस्ते मोकळे झाल्यावर लुकआउट माउंटनला चक्कर. पार वर, बफेलो बिलच्या थडग्यापर्यंत, दाबून चढवली. डावा दिवा हलला नाही. एक तक्रार संपली.

परत येऊन हातपंपाने रिले तपासले. हुकमाच्या तोटीला पंप लावून हळूहळू व्हॅक्यूम वाढवायचा, मग हळूहळू सोडायचा. कुठल्या आकड्यावर आत 'टक' होतं ते ऐकायचं. डावा रिले उजव्याच्या दोन इंच आधीच पलटतो. म्हणून घाटात डावाच डोकावत होता. धरून दोघेही ठेवतात, उजव्याची सुई मात्र अगदी हळू उतरते. नोंद करून सोडून दिलं.

२३ मार्च, शनिवार

आजचा दिवस डाव्या दिव्याचा.

ॲक्च्युएटरची तपासणी गाडीवरच होते. दोन्ही नळ्या काढायच्या. पंप एका तोटीला लावायचा, दुसरी उघडी ठेवायची. मग उलट. इथे थोडं डोकं चालवलं की डबा न उघडता आतलं कळतं. पडदा फाटला असेल तर कुठल्याही तोटीला पंप लावा, हवा फाटक्यातून पलीकडच्या उघड्या तोटीने येणार, म्हणजे दोन्ही बाजू गळणार. एकच बाजू गळत असेल तर पडदा शाबूत आहे. मग दोष दांडा जिथून बाहेर येतो तिथल्या सीलचा, कारण ते सील एकाच कप्प्याला राखतं.

डाव्याची एक बाजू दहा इंच धरून ठेवते. दुसरी बाजू पंप मारतोय तोवर चढते आणि हात थांबला की फुस्स. सील.

ॲक्च्युएटर बाहेर काढला. दांड्याच्या टोकाची पिन काढायला जागा इतकी अपुरी की हात दिसत नाही, नुसत्या स्पर्शावर काम. दांड्यावरचं रबरी सील बोटांत घेतलं तर खडूसारखं. वाकवलं, मोडलं. आत दांड्यावर चिकट काळा थर होता, तो केरोसिनच्या फडक्याने पुसला. दांडा चकचकीत निघाला, ओरखडा नाही. ओरखडा असता तर नवीन सीलही महिन्याभरात गेलं असतं. सील बदललं, सिलिकोन ग्रीसचं बोट फिरवलं, पुन्हा पंप. दोन्ही बाजू धरतात.

पण एक गोष्ट डोक्यात खटकत होती. गळकं सील एकाच दिशेची ताकद खातं, आणि हा दिवा वर जाताना आणि खाली येताना, दोन्हीकडे रेंगाळत होता. म्हणून दांडा परत जोडण्याआधी दिव्याची आख्खी बादली, म्हणजे दिवे ज्यात बसतात ते वरखाली होणारं कवच, हाताने वरखाली करून पाहिली. उजवीकडची एका बोटाने फिरते. डावीला पूर्ण हात लावावा लागतो, आणि मधे एका जागी किरकिरते.

व्हॅक्यूमला दोष देण्याआधी दांडा सोडून दिवा हाताने हलवून बघा, हे खरं तर पहिल्या पानावर लिहायला हवं. फुकटची तपासणी आहे, आणि बहुतेक जण नवे रिले, नवे ॲक्च्युएटर, नळ्यांचा आख्खा संच विकत घेऊन झाल्यावर तिच्याकडे वळतात.

२४ मार्च, रविवार

डाव्या बादलीचे सांधे सोडवले. बुशांमध्ये, म्हणजे सांध्यातल्या कड्यांमध्ये, जुनं ग्रीस, माती आणि रस्त्यावरचं मीठ यांचा घट्ट गोळा. बाहेरच्या बाजूच्या बुशला गंज. पॉलिश पेपरने साफ केलं, बुश बदलले, पांढरं लिथियम ग्रीस. इथली बर्फाळ धूळ बघता ग्रीस अगदी बेताचं लावलं, जास्त लावलं की तेच माती धरतं.

या जोडणीत एक चांगली खुबी आहे. दिवा पूर्ण वर गेला की सांधा मध्यरेषेच्या पलीकडे जाऊन अडकतो. मग वाऱ्याचा कितीही दाब असो, दिवा मागे पडत नाही आणि वर धरून ठेवायला व्हॅक्यूमही लागत नाही. भर रात्री नळी फुटलीच, तर बॉनेट उघडून बादली हाताने वर ढकलायची, टक वाजलं की घरी जाता येतं. मुलीला ते करून दाखवलं, पुढच्या वर्षी ती गाडी शिकणार आहे.

सगळं जोडून इंजिन सुरू केलं. मुलगी आत नॉबपाशी, मी समोर. "ओढ!" दोन्ही दिवे वर. डावा उजव्याच्या किंचित मागे, पण न अडखळता. "परत ढकल!" दोन्ही खाली. तिने पुन्हा पुन्हा करून बघितलं, तेवढ्यात टाकी दमली आणि दिवे मंदावले, मग इंजिनने भरून काढलं. ते बरोबरच आहे.

३० मार्च, शनिवार

उरली सकाळची तक्रार. काल रात्री टाकीवर गेज लावून ठेवला होता. सकाळी सुई चारवर, दोन्ही दिवे अर्धे वर. दोघेही एकदम म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, हुकमाच्या नळीत.

फायरवॉलपाशी, केबिनमध्ये शिरण्याआधी, बारीक नळ्या तोडून टी ठोकले. पुढच्या बाजूला पंपाने बारा इंच भरले. जेवून आलो, सुई अकराच्या वर. म्हणजे इंजिनच्या बाजूला फारसं काही नाही. गळती आत, डॅशबोर्डखाली.

आत संशयित दोन: हेडलाइटचा स्विच आणि स्टिअरिंगखालचा व्हॉल्व्ह. स्विच काढणं कटकटीचं. आधी बॅटरीची तार सोडायची, नॉब पूर्ण ओढायचा, मागे हात घालून स्विचच्या अंगावरचं स्प्रिंगचं बटण दाबायचं, तेव्हा नॉब दांड्यासकट बाहेर येतो, मग समोरचा नट. म्हणून सोपा संशयित आधी. स्टिअरिंगखालच्या व्हॉल्व्हच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडल्या, व्हॉल्व्ह वाटेतून बाद. गळती थांबली.

व्हॉल्व्हला शिक्षा देणार इतक्यात त्याच्याच तोट्यांवर पंप लावला. व्हॉल्व्ह छान धरतो. मग नळीचं टोक उजेडात आणलं. तोटीवर चढणाऱ्या भागाला लांबीच्या दिशेने केसाएवढी चीर. नळी सैल लोंबत असताना ती मिटलेली असते, तोटीवर ताणली की उघडते. म्हणून जोडल्याशिवाय दिसत नव्हती. अर्धा इंच कापून टाकला, आतलं रबर अजून मऊ होतं, पुन्हा घट्ट बसवली. खर्च शून्य.

मग तसंच सगळ्या नळ्यांच्या टोकांवरून बोट फिरवलं. इंजिनजवळच्या, उष्णतेत भाजलेल्या दोन नळ्या पूर्ण बदलल्या, बाकीच्यांची टोकं कापून पुन्हा बसवली. बदललेल्यांवर रंगाच्या पेनाने मूळ पट्टे ओढले. पुढच्या मालकाची दुवा मिळेल.

उदबत्तीचा धूर धरून गळती शोधता येते असं एकाने सुचवलं होतं. कार्बोरेटरच्या शेजारी पेटतं काही नेणार नाही. त्यापेक्षा नळीचा हातभर तुकडा कानाला लावून दुसरं टोक फिरवावं, फुस्स ऐकू येतं.

६ एप्रिल, शनिवार

रात्री टाकी १५ वर, सकाळी ११. दिवे जागेवर. चार इंच कुठे गेले ते माहीत आहे: उजव्या रिलेची ती हळू उतरणारी सुई. नवा रिले घ्यायचा की नाही हे ठरवायला घाई नाही. एका रात्रीचे चार इंच चालतील, आठवडाभर उभी राहिली तर दिवे डोकावतील बहुधा.

अण्णांना आकडे सांगितले. म्हणाले, "रात्रभरात दहा सेंटिमीटर? आमच्यात वीस मिनिटांत उतरला तरी लोक ओरडायचे. बरी आहे तुझी गाडी."

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. सकाळी गुढी गॅरेजच्या दारावरच उभी केली, कारण बाल्कनीत वारा फार. गाडीला हार.

संध्याकाळी दिव्यांचा नेम धरला. बुश बदलल्यावर डाव्या बादलीची बसण्याची जागा थोडी बदलली होती, झाकणाची कड बॉनेटच्या पातळीत येईना. आधी खालचा थांबा फिरवून कड जुळवली, मग वरचा. क्रम उलटा केला तर दोनदा काम. त्यानंतर गॅरेजच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करून चारही दिव्यांचे झोत तपासले. पावणेसहा इंची सील्ड बीम आहेत, दोन एका बादलीत. डावा झोत उजवीकडच्या घराच्या खिडकीत जात होता. स्क्रू दोन आटे फिरवून खाली आणला.

पुढची कामं: उजवा रिले; हीटरच्या झडपांच्या नळ्यांची टोकं, त्याच वयाच्या आहेत; आणि जूनमध्ये लव्हलँड पास. तिथे ११,९९० फुटांवर हवेचा दाबच एकोणीस इंच असतो, आयडलला दहा मिळाले तरी पुष्कळ. वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून दिवे उघडून बघायचे आणि आकडा इथे लिहायचा.